पोस्टमनला दिवाळीची भेट: दोन हजारांची मर्यादा, पावसाळी कोट आणि कौतुकाचं पत्र

प्रश्न असा आहे: ठाण्यात पाचपाखाडीला ६४ घरांची सोसायटी. गेली नऊ वर्षं एकच पोस्टमन टपाल आणतात. कधी पत्र चुकलं नाही, पावसात भिजलं नाही. या दिवाळीला घरटी दोनशे रुपये काढून त्यांना काहीतरी चांगलं द्यावं असं कमिटीत ठरतंय. रोख द्यावी की वस्तू? वस्तू दिली तर कोणती?

आधी हिशेब मांडू. ६४ गुणिले २०० म्हणजे १२,८०० रुपये. मनापासून द्यायचे असले तरी एवढे पैसे सेवेतल्या पोस्टमनला देऊ नका. ते त्यांच्याच अंगाशी येतील.

दिवाळीला दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन यांना पोस्त द्यायची आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त या तिघांत एक फरक आहे. पोस्टमन केंद्र सरकारचे कर्मचारी असतात, गट क मधले. त्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात. त्यातला नियम १३ भेटवस्तूंचा. नातेवाईक किंवा जवळचे मित्र सोडून इतर कोणाकडून ठरावीक किमतीवरची भेट सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. गट क साठी ही मर्यादा पूर्वी ५०० रुपये होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती २,००० रुपये झाली. सोसायटीने मिळून दिलेली भेट ही एकच भेट असं धरूनच चाला. ‘६४ घरांनी दिली, म्हणजे घरटी दोनशेच’ असं समजावत बसायची वेळ त्या माणसावर येऊ नये.

वरची मर्यादा ठरली की पुढचं सोपं होतं. घरटी ३० रुपये काढले तरी १,९२० होतात. तेवढ्यात नीट निवडलेली एक वस्तू आणि थोडा सुका खाऊ बसतो. वर्गणी ऐच्छिक ठेवा, आणि ती देखभाल खर्चाच्या पैशांतून देऊ नका. सोसायटीच्या हिशेबात ‘पोस्टमन भेट’ अशी ओळ आली की पुढे सर्वसाधारण सभेत कोणीतरी ती वाचून दाखवतं आणि एका सज्जन माणसाच्या नावाची विनाकारण चर्चा होते.

किंमत म्हणजे कोणती किंमत, हेही आधी पाहून घ्या. दिवाळीच्या तयार गिफ्ट बॉक्सवर छापील किंमत २,४९९ असते आणि दुकानदार तो १,२०० ला देतो. तुमच्या दृष्टीने तो बाराशेचा, पण बघणाऱ्याला खोक्यावर दिसणारा आकडा २,४९९ चा. छापील किंमतच दोन हजारांच्या खाली असेल असं घ्या आणि बिल जपून ठेवा. शिवाय या खोक्यांत पुठ्ठा आणि साटीनच जास्त असतं. मागच्या बाजूला निव्वळ वजन लिहिलेलं असतं, ते वाचलं की खरं कळतं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमध्ये बदाम, काजू, मनुका सुटे वजनावर मिळतात. पाव-पाव किलोच्या तीन पुड्या त्या खोक्यापेक्षा जास्त भरतात आणि त्यांच्यावर फुगवलेली किंमतही नसते.

आता वस्तू निवडताना पोस्टमनचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी पोस्टात आपल्या बीटचं, म्हणजे वाटपासाठी नेमून दिलेल्या भागाचं टपाल घरांच्या क्रमाने लावून घ्यायचं. मग बॅग खांद्याला किंवा गाडीला अडकवून निघायचं. बीट संपली की न वाटलेलं टपाल आणि हिशेब पोस्टात परत द्यायचा. म्हणजे तुमच्या दारी ते येतात तेव्हा हात भरलेले असतात आणि पुढे अजून चार-सहा इमारती बाकी असतात. दोन किलोचा मिठाईचा बॉक्स, काचेचा सेट, झाडाची कुंडी, भिंतीवरचं घड्याळ यांतलं काहीही दिलंत की उरलेली बीट ते ओझं वाहत फिरावं लागतं. अर्धा-पाऊण किलोच्या आत, चपटं, पिशवीत सरकेल असं द्या.

मिठाईबद्दल माझं मत ठाम आहे: दिवाळीत पोस्टमनला मिठाई देऊ नका. सगळेच देतात. धनत्रयोदशीच्या आसपास एका बीटवर पंधरा-वीस बॉक्स सहज जमतात. आपल्याकडच्या हवेत माव्याचे पेढे, बर्फी फ्रीजबाहेर दोन दिवसही धड टिकत नाहीत, आणि बॅगेत दुपारभर तापले तर संध्याकाळीच आंबूस होतात. काजूकतली जास्त टिकते, पण एका घरात पाच किलो काजूकतली खाणार कोण? खायचंच द्यायचं असेल तर घरचा फराळ द्या. भाजक्या पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे हे प्रवासाला चांगले. ओल्या नारळाची करंजी नको, सुक्या खोबऱ्याची चालेल. चकली वर ठेवा, लाडू खाली, नाहीतर घरी पोचेपर्यंत चकलीचा चुरा होतो. डबा परत मागायचा नसेल असाच द्या. स्टीलचा चांगला डबा दिलात तर तो परत आणायची आठवण त्यांनी पुढचे आठ दिवस बाळगायची, हे बरं नव्हे. आणि मधुमेह आहे का हे आधी सहज विचारा. पन्नाशीच्या माणसाला विचारण्यात काही गैर नाही.

वस्तूंत सगळ्यात उपयोगी पडतो तो पावसाळी कोट, आणि सगळ्यात जास्त चुकीचा निवडला जातो तोही कोटच. आधी ते बीट कसे करतात ते पाहा. चालत किंवा सायकलवर हळू फिरणाऱ्याला खांद्यावरच्या बॅगेसकट अंग झाकणारा सैल पोंचो बरा. स्कूटर-मोटरसायकलवर पोंचो देऊ नका. वाऱ्याने उडतो, चाकात किंवा साखळीत अडकू शकतो. त्यांना जॅकेट आणि पँट असा जोडच हवा. रोजच्या शर्टापेक्षा एक माप मोठं घ्या, कारण तो गणवेशावरून चढवायचा असतो. स्वस्त जाड पीव्हीसीचे कोट घड्यांवर तडकतात आणि आत घामाने माणूस वेगळा भिजतो. पॉलिस्टरला आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेला कोट हलका असतो, घडी लहान होते. दुकानात कोट उलटा करून शिवणी बघा. शिवणीवरून आतल्या बाजूला पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. ती नसेल तर कापड कितीही चांगलं असो, ठाण्याच्या जुलैतल्या पावसात खांद्याच्या शिवणीतून पाणी आत येणारच. चेनवर झाकण, मनगटाला वेल्क्रो, पाठीवर चमकणारी पट्टी, एवढं तपासा. हे सगळं दोन हजारांच्या आत मिळतं. एकच अडचण: दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि पाऊस जूनमध्ये. दिवाळीत कोट दिला तर तो सात महिने कपाटात राहतो. कोट द्यायचा असेल तर मे महिन्याच्या शेवटी द्या. पोस्त दिवाळीलाच दिली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

छत्री नको. एका हातात टपाल, दुसऱ्या हातात मोबाईल, मग छत्री धरायची कुठे?

मोबाईलवरून आठवलं. आता पोस्टमनचं बरंच काम फोनवर होतं. स्पीड पोस्ट पोचल्याची नोंद, सही, काही वेळा ओटीपी. २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे सहीचं बहुतेक टपाल त्याच वाटेने येतं. २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून दारात पैसे काढून देणं, खातं उघडणं हीही कामं त्याच माणसाकडे आली. दुपारी दोन वाजता बॅटरी संपली की काम अडतं. म्हणून दिवाळीच्या भेटीसाठी माझी पहिली पसंती १०,००० एमएएच क्षमतेची पॉवर बँक. वजन साधारण पाव किलो, खिशात मावते, फोन निदान एकदा पूर्ण चार्ज होतो. २०,००० ची घेऊ नका, जड पडते. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण बघूनच घ्या. बिनखुणेच्या स्वस्त पॉवर बँका उन्हात तापलेल्या डिकीत ठेवणं धोक्याचं आहे. त्यांच्या फोनला कोणती पिन लागते हे पाहून एक आखूड केबल सोबत द्या. लांब केबल बॅगेच्या पट्ट्यात गुंतते. पावसाळ्यासाठी गळ्यात अडकवायची पारदर्शक वॉटरप्रूफ मोबाईल पिशवी शंभर-दीडशेत मिळते, तीही जोडीला चालेल.

दुसरी पसंती पाण्याची बाटली: दुहेरी भिंतीची, स्टीलची, पाऊण लिटरची. एक लिटरची भरली की जवळजवळ दीड किलो होते, आणि खांद्यावर आधीच ओझं असतं. आतलं स्टील ३०४ दर्जाचं असावं, झाकण बाटलीलाच लटकून राहणारं असावं, तोंड हात घालून धुता येईल इतकं रुंद असावं. मात्र नीट चौकशी करा. पाच वर्षं एकाच बीटवर असलेल्यांना अशा दोन-तीन बाटल्या आधीच मिळालेल्या असतात.

बूट, चपला, कपडे टाळा. मापं चुकतात आणि बदलून आणायला ठाणे स्टेशनजवळ त्यांनाच धावावं लागतं. गिफ्ट व्हाउचर द्यायचं तर मुदत बघा आणि ते त्यांच्या घराजवळच्या दुकानात चालतं का ते बघा. ठाण्यात वाटप करणारे बरेचजण राहतात बदलापूर, टिटवाळा, आसनगाव अशा बाजूला. मॉलमधल्या दुकानाचं व्हाउचर त्यांच्या काय उपयोगाचं?

रोख रकमेचं काय? नियमाच्या दृष्टीने रोख हीसुद्धा भेटच, मर्यादा तीच. एखाद्या घराने दिवाळीला पाकिटात १०१ किंवा २५१ घालून प्रेमाने देणं ही घरोघरची पद्धत आहे. पण सगळ्या सोसायटीने मिळून रोख देऊ नये. वस्तूमागे हेतू दिसतो, जमवलेल्या नोटांमागे तो दिसत नाही. आणि एक गोष्ट काटेकोर पाळा: पासपोर्ट, पॅन, आधार, मनीऑर्डर किंवा पेन्शन घेऊन पोस्टमन दारात उभे असताना काहीही देऊ नका, चहापलीकडे. पासपोर्ट हातात आला की आनंदाने शंभराची नोट पुढे करायची अनेकांना सवय असते. त्यातून काम आणि पैसा यांची सांगड पडते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. तुमचा हेतू तसा नसेल, पण ते तसं दिसायलाही नको. मनीऑर्डरची रक्कम पूर्ण मोजून घ्यायची, तिथे ‘राहू द्या वरचे’ हे वाक्य नकोच. उलट कोणी पोस्त मागितलीच, किंवा पत्र द्यायला पैसे मागितले, तर ती पोस्त नव्हे. त्याची तक्रार टपाल खात्याच्या १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

पाणी, चहा, कोकम सरबत, दारात दोन मिनिटं बसायला खुर्ची यांची मात्र कसलीही काळजी नको. नियम १३ मध्येच म्हटलं आहे की प्रसंगाने दिलेलं जेवण किंवा साधं आदरातिथ्य ही भेट समजली जाणार नाही. एप्रिल-मे मध्ये, चार मजले चढून आलेल्या माणसाला थंड पाणी देणं पॉवर बँकेपेक्षा कमी नाही.

तुमच्या १२,८०० कडे परत येतो. लोकांची वर्गणी द्यायची तयारी आहेच, तर उरलेले पैसे टपालपेट्यांवर खर्च करा. हे मी गंभीरपणे सांगतो आहे. पोस्टमनचं काम रोज ज्याने सोपं होतं ती वस्तू त्यांच्या हातात देता येत नाही, ती इमारतीत बसवावी लागते. जुन्या सोसायट्यांत जिन्याखाली गंजलेल्या पेट्या, तुटलेली झाकणं, तीन भाडेकरूंपूर्वीची नावं, वर दिवा नाही, ही नेहमीची दशा. पेट्या मजल्याच्या क्रमाने लावा, विंगप्रमाणे वेगळ्या. क्रमांक दुरून वाचता येईल एवढा मोठा, किमान एक इंच उंचीचा. मालकाचं आणि सध्या राहणाऱ्याचं, दोन्ही नावं लिहा, कारण पत्र नावावर येतं आणि शंका आली की परत जातं. फट निदान २४ सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे ए-फोर आकाराचं मासिक न दुमडता आत जातं. फटीवर बाहेरून पडणारं झाकण असलं तर पावसाची झड आत जात नाही. सगळ्यात खालची ओळ गुडघ्याच्या वर असू द्या. वाकून वाकून ६४ पेट्या भरणाऱ्याच्या कमरेचा विचार कोणी करत नाही. घोडबंदर रोडच्या किंवा ऐरोली, खारघरच्या मोठ्या संकुलांत आणखी एक अडचण असते: वाटप करणाऱ्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत, किंवा गेटवर प्रत्येक वेळी नोंद करायला लावतात. गणवेशातल्या पोस्टमनला हे दोन्ही माफ असल्याची चिठ्ठी वॉचमनच्या टेबलावर चिकटवून ठेवा. त्याला खर्च काहीच नाही.

आता कौतुकाच्या पत्राबद्दल, कारण ते भेटीइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याला किमतीची मर्यादा नाही. पत्र तुमच्या पोस्ट ऑफिसच्या पोस्टमास्तरांच्या नावे लिहा, प्रत विभागाच्या वरिष्ठ अधीक्षकांना पाठवा. पोस्टमनचं पूर्ण नाव आणि बीट क्रमांक घाला, हे दोन्ही त्यांना विचारून घ्या. ‘खूप चांगली सेवा’ एवढं लिहून काही होत नाही. प्रसंग आणि तारीख लिहा: अमुक महिन्यात पत्त्यावर विंगचं अक्षर नव्हतं तरी परीक्षेचं प्रवेशपत्र योग्य घरी पोचवलं, अमुक आजींना पेन्शनची रक्कम दोनदा मोजून दाखवली. सोसायटीच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीने. खात्यात परिमंडळ (सर्कल) पातळीवर डाक सेवा पुरस्कार आणि राष्ट्रीय पातळीवर १९८४ पासून मेघदूत पुरस्कार दिले जातात. अशा वेळी ग्राहकांची लेखी पत्रं हाताशी असली की त्या माणसाची बाजू भक्कम होते.

इथे एक मोठी चूक हमखास होते. कौतुकाच्या भरात लोक नियम मोडल्याचं लिहून बसतात. ‘आम्ही घरी नसलो तर स्पीड पोस्ट ते वॉचमनकडे ठेवतात’, ‘सही तेच करून घेतात’, ‘बाबांची पेन्शन शेजाऱ्यांकडे देतात’. तुमच्या दृष्टीने हा माणुसकीचा कळस, पण सहीच्या टपालाच्या बाबतीत ही नियमबाह्य गोष्ट आहे आणि तुमच्याच पत्रावरून त्यांना खुलासा विचारला जाऊ शकतो. पत्रात भेटीचा उल्लेखही नको. तसंच पाकीट किंवा वस्तू देतानाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

सत्काराचा कार्यक्रम ठेवायचा विचार असेल तर नियम १४ लक्षात घ्या. सेवेत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला आपल्या गौरवासाठी भरवलेल्या सभेला किंवा मानपत्र स्वीकारायला परवानगी लागते. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खासगी, अनौपचारिक निरोप याला अपवाद आहे. म्हणजे शाल-श्रीफळ, माइक, फलक, स्थानिक नगरसेवक असा थाट नको. तळमजल्यावर दहा-पंधरा जण जमून चहा-पोहे, मुलांनी काढलेलं एक कार्ड, चार शब्द, एवढं पुरे. तेही रविवारी नव्हे. त्या दिवशी सुट्टी असते, मुद्दाम बोलावून त्यांचा एकुलता एक मोकळा दिवस घेऊ नका.

केव्हा द्यायचं? ऐन धनत्रयोदशी-लक्ष्मीपूजनाला टपाल आणि पार्सल दोन्ही तुंबलेलं असतं, ते घाईत असतात. वसुबारसेच्या आधीचा आठवडा बरा. मला विचाराल तर १० ऑक्टोबर सर्वांत चांगला, तो आपल्याकडे राष्ट्रीय टपाल दिन आहे (आदल्या दिवशी, ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन, १८७४ मध्ये बर्नला टपाल संघटना स्थापन झाली त्याची आठवण). त्या दिवशी दिलेली भेट त्यांच्या कामासाठी आहे हे न सांगता कळतं आणि दिवाळीच्या ढिगात हरवत नाही. तुमच्या इमारतीचं वाटप संपल्यावर द्या, सुरुवातीला नको. वॉचमनमार्फत पाठवू नका. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने खाली उतरून, नावाने हाक मारून द्या.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट तपासा: तुमच्याकडे येणारे पोस्टमन नक्की एकच आहेत का? बऱ्याच ठिकाणी साधं टपाल एकजण आणतो आणि पार्सल, स्पीड पोस्ट दुसरा. रजेच्या दिवसांत बदलीवरचा तिसरा येतो. या पदावर आता बायकाही आहेत, तेव्हा ‘पोस्टमनकाकांसाठी’ असं कार्ड छापून ठेवण्याआधी दोन आठवडे गेटवरच्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा. दुसऱ्या व्यक्तीला निदान सुक्या मेव्याची एक पुडी द्यायला हवी. एकाच पोस्टातले लोक संध्याकाळी एकमेकांशेजारी बसून हिशेब करतात.

शेवटी निवृत्ती. साठ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पोस्टमन निवृत्त होतात. वाढदिवस एक तारखेला असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. वर्तणूक नियम सेवेतल्या माणसाला आहेत. ती तारीख उलटून गेल्यावर सोसायटीने जमवलेले पूर्ण १२,८०० त्यांच्या घरी जाऊन दिलेत तर कोणाची हरकत नाही. तेव्हा मात्र वस्तू नको, पाकीटच द्या, आणि जाण्याआधी फोन करून घरी कोण कोण असेल ते विचारून घ्या, म्हणजे सोबत नेलेला फराळ सगळ्यांना पुरेल.